सह्य आणि हिमवान्

पुराणांत सात कुलपर्वत सांगितले आहेत: महेंद्र, मलय, सह्य, शुक्तिमान्, ऋक्षवान्, विंध्य आणि पारियात्र. यांत आपला सह्य आहे, पण हिमालय नाहीं. हिमवानाची गणना निराळी, वर्षपर्वतांत होते. हीं नांवें मुलांकडून घोकून घेण्यांत माझें आयुष्य गेलें. परंतु या दोन पर्वतांची जात एक कीं निराळी, हा प्रश्न मला कधीं सुचला नाहीं. भूकवच दोन्ही बाजूंनीं चेपलें गेलें आणि पर्वत उभे राहिले, हें एकच उत्तर मी दोघांनाही लावीत आलों. गेल्या वैशाखांत करूळ घाट चढतांना नातवानें तें मोडलें. तो म्हणाला, "आजोबा, जमीन चेपली गेली असेल, तर हे थर इतके आडवे कसे?"

मी निरुत्तर झालों. घरीं आल्यावर या विषयाचें वाचन केलें, त्याचें सार वाचकांपुढें ठेवितों.

हिमालयाच्या जागीं एके काळीं समुद्र होता. ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्यूस यांनीं १८९३ मध्यें त्यास 'टेथिस' हें नांव दिलें. कोट्यवधि वर्षें त्याच्या तळाशीं गाळ सांचत गेला, तळ खचत गेला आणि गाळाचा खडक बनला. सुमारे ५ कोटि वर्षांपूर्वीं भारताची भूमि उत्तरेकडे सरकत आशियास भिडली; तेव्हां हे थर दुमडले, तुटले व एकमेकांवर चढले. युरोपांतील आल्प्सची कथाही अशीच. तेथें दक्षिणेकडून आफ्रिकेच्या बाजूचा रेटा होता. एव्हरेस्टच्या माथ्यावरील चुनखडींत समुद्रजीवांचे अवशेष सांपडतात, तें यामुळेंच.

परंतु पुराव्यासाठीं इतकें उंच जाण्याचें कारण नाहीं. नेपाळांतील काली गंडकीचा चक्रांकित शाळिग्राम आपल्या देवघरांत आहे. त्यांतील चक्र म्हणजे अमोनाइट नामक समुद्रजीवाच्या शंखाचा ठसा. आपल्या किनाऱ्यावरील म्हाकुलाच्या दूरच्या कुळांतला हा जीव. सुमारे ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं त्याचा निर्वंश झाला.

आणि त्याच सुमारास आपल्याकडे तप्त शिलारसाचे लोट भूमींतून बाहेर पडून एकावर एक थिजत होते. करूळ घाटांतील काळे थर ते हेच.

त्यांच्याखालीं आपलीही गाळाची एक पुरातन द्रोणी आहे. तळेऱ्याजवळ कासार्ड्यास कांचेसाठीं जी पांढरी वाळू काढतात, ती या द्रोणीच्या वालुकाश्माची. बागलकोट जिल्ह्यांतील कलादगी गांवावरून तिला नांव मिळालें. ब्रूस फूट यांनीं १८७६ मध्यें तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. चालुक्यांचीं बदामीचीं लेणीं याच द्रोणीच्या खडकांत कोरलेलीं आहेत. हा खडक शंभर कोटि वर्षांच्या आसपासचा किंवा त्याहूनही जुना. पण त्याच्या नशिबीं हिमालय होणें नव्हतें. शिलारसानें तो झांकला गेला, आणि कोंकणांत नद्यांनीं तें पांघरूण झिजविल्यावर पुन्हां उघडा पडला.

मग सह्य उभा कसा राहिला? शिलारसाच्या त्या काळानंतर पश्चिमेकडील भूमि तुटून दूर गेली. सेशेल्स बेटें हा तिचाच अवशेष. तुटलेली कड उचलली गेली आणि पावसापाण्यानें झिजत पूर्वेस मागें हटली, असें भूशास्त्रज्ञ मानतात. सह्य म्हणजे दख्खनच्या पठाराची कड. याची खूण कोणासही पाहतां येते: वैभववाडीहून गगनबावड्यास चढावें, पलीकडे तसा उतार लागतच नाहीं, रस्ता सरळ कोल्हापुराकडे जातो.

हें सर्व रात्रीं नातवास सांगत असतां सूनबाई ऐकत होती. ती हळूच म्हणाली, "मामंजी, शाळिग्राम जर शंखाचा ठसा, तर रोज तुळस वाहायची ती कशावर?" तिच्या प्रश्नांत थट्टा नव्हती, भीति होती. मीं सांगितलें, "मुली, कालपर्यंत वाहिलीस त्याच्यावरच. मूर्ति पाषाणाची आहे हें ठाऊक असूनच आपण पूजा करतों. पाषाणाचा इतिहास कळल्यानें देव जात नाहीं. मात्र मुलापासून तो लपवूं नकोस. पुढें त्याला तो बाहेरून कळेल आणि मग दोन्हीवरचा विश्वास उडेल."

दुसऱ्या दिवशीं पूजेच्या वेळीं तिनेंच मुलाच्या हातीं शाळिग्राम देऊन चक्र दाखविलें.

माझ्या हाताखालून गेलेल्यांपैकीं कोणी हें वाचीत असेल, तर सह्याविषयीं मीं शिकविलेलें त्यानें दुरुस्त करून घ्यावें आणि आपल्या मुलांना नीट सांगावें, एवढीच विनंति.