चित्रातले शिपाई आणि त्यांची नावे

१८५४ साली क्रिमियात इंग्रज, फ्रेंच व तुर्क यांचे रशियाशी युद्ध जुंपले असता कॉन्स्तांतँ गीस नावाचा चितारी तेथे गेला होता. माळरान, तंबू व त्यांत उभे शिपाई तो शाईने झरझर रेखाटी व लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकाकडे धाडी. तेथील कारागीर ते चित्र लाकडी ठोकळ्यावर उलटे उतरवीत, रेघ तेवढी उंच राखून बाकीचे लाकूड कोरून काढीत. तेव्हा कोठे ते छापले जाई.

गीस चित्रावर सही करीत नसे. तरी त्याचे नाव उरले. कारण १८६३ साली बोदलेर या कवीने त्याच्यावर मोठा लेख प्रसिद्ध केला. ठोकळा कोरणाऱ्या कारागिरावर कोणी लिहिले? या युद्धात इंग्रजांकडील सुमारे २१,००० शिपाई मेले. त्यांतील बहुतेक गोळीने नव्हे, रोगराईने मेले. रशियाच्या फौजेत तर जमीनदारांच्या दावणीला बांधलेली कुळे होती. ती दावण १८६१ साली सुटली. त्यांची नावे किती जणांस ठाऊक आहेत?

बंधुभगिनींनो, नाव पराक्रमाने उरत नाही, लेखणीने उरते; आणि दुसऱ्याची लेखणी आपल्यासाठी क्वचितच झिजते. म्हणून आमचे सांगणे एवढेच की, तुमच्या घरातून जे पलटणीत गेले, ज्यांनी नांगर घडविले, विहिरी बांधल्या, त्यांचे नाव, गाव व साल आजच वहीत उतरवा. घरातल्या मुलीस लिहिता येत असेल तर तिच्याच हातून लिहवा.