बूट पूजायचे, चांभार टाळायचा!

मिलिटरीचे जुने बूट साध्या माणसाने वापरावेत की नाही, यावर आमच्या कचेरीत मध्यंतरी बरीच खडाजंगी झाली. निमित्त माझ्याच पायांतला जोड. बेळगावहून आणलेला, काळा, घोट्याच्या वर जाणारा, चामड्याच्या तळव्याचा आणि टाचेला लोखंडी नाल मारलेला. एका सहकाऱ्याचे मत पडले की जवानाच्या पायातली वस्तू कारकुनाने घालणे हा जवानाचा अपमान. दुसऱ्याने उलट पाठ थोपटली, "व्वा, देशभक्त!" मला विचाराल तर दोघेही चुकले. दोघांनीही बुटाला देवघरात नेऊन बसवले. अहो, बूट आहे तो! पायात घालायचा जिन्नस.

आधी कायद्याचे बोलू. सैनिक नसताना, लोकांनी आपल्याला सैनिक समजावे या हेतूने त्याचा पोशाख वापरणे हा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड विधानाच्या कलम १४० मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ मध्ये आहे. यातला 'हेतू' हा शब्द महत्त्वाचा. २०१६ साली पठाणकोटच्या हल्ल्यानंतर लष्कराने नागरिकांना आवाहन केले तेही लष्करी नमुन्याच्या कपड्यांबाबत. ते योग्यच होते. ठिपक्याठिपक्यांची पँट घालून बाजारात हिंडणाऱ्या पोरांना माझाही विरोध आहे. पण साध्या विजारीखाली जुना काळा बूट घालून फायली उपसणाऱ्या माणसाला कोण जवान समजणार?

राहिली देशभक्ती. हा बूट पायात चढवून देशभक्ती करायची असेल त्याने पहिला आठवडा काढून दाखवावा. नवा असताना हे चामडे लाकडासारखे असते. टाचेला फोड, करंगळीला फोड, घोट्यावर लाल वळ. त्यावर उपाय एकच, सबुरी. जाड मोजे घालून पहिले काही दिवस घरातल्या घरात तास-अर्धा तास वावरायचे. बोटांकडची नाडी सैल, घोट्याकडची घट्ट, म्हणजे टाच आत घसरत नाही. तेलाचा हात हलकाच लावायचा. फार झाले की चामडे ढिले पडते. भिजला तर उन्हात किंवा चुलीपाशी ठेवायचा नाही, तडे जातात. आत जुने वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवायचा. आणि आपल्या गोव्यातल्या पावसाळ्यात तर काय, आठ दिवस बूट कोपऱ्यात राहिला की पांढरी बुरशी आलीच! कोरड्या फडक्याने पुसा, पॉलिश करा, पुन्हा घाला. वापरातला बूट टिकतो, ठेवणीतला कुजतो. महिन्या-दोन महिन्यांनी चामडे तुमच्या पायाचा घाट घेते. मग तो बूट दुसऱ्या कुणाचा राहत नाही.

पण हे सगळे एकट्याने होत नाही. टाचेकडची कड आतून नेमकी कुठे ठोकून मऊ करायची, तळवा कधी बदलायचा, नाल कुठे झिजली, हे रस्त्याकडेला पेटी मांडून बसलेल्या चांभाराला कळते. आणि माझे खरे भांडण इथे आहे. माझ्या बुटावरून जवानाच्या अपमानाने कळवळणारा तो सहकारी स्वतःची चप्पल शिवून घेतो तेव्हा पैसे चांभाराच्या हातात देत नाही, पेटीवर टाकतो. मी हे एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे. बूट पूज्य, बूट घालणारा पूज्य, आणि बूट दुरुस्त करणारा हात मात्र दोन वीत लांब!

हा दुटप्पीपणा आजचा नाही. एकोणिसाव्या शतकापासून कानपूरच्या कारखान्यांतून फौजेला बूट, खोगिरे पुरवली गेली. कातडे कमावण्याचे काम परंपरेने ज्या जातींच्या माथी मारले होते, त्यांनाच बाकीचा समाज विटाळ मानत होता. त्यांनी बूट करावेत, घालू मात्र नयेत! इंग्रजांनी 'लढाऊ जाती'चे खूळ काढले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली, गरज सरताच १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली ती ऑक्टोबर १९४१ मध्ये, आणि कुठे? मी बूट आणले त्याच बेळगावात. चामार रेजिमेंट तर १९४३ साली उभारली आणि १९४६ साली बरखास्तही केली. ज्यांच्या हातांनी चामडे कमावले, त्यांच्या नावाची पलटण चार वर्षेही टिकू दिली नाही.

म्हणून म्हणतो, मिलिटरीचा जुना जोड मिळाला तर खुशाल घ्या. तो लिलावात निघून कुठेतरी सडण्यापेक्षा कुणाच्या तरी पायात झिजलेला बरा. मिरवायला घेऊ नका, चालायला घ्या. आणि दुरुस्तीला द्याल तेव्हा त्या माणसाचा दर पाडू नका, त्याला अहोजाहो करा आणि पैसे त्याच्या हातात द्या. एवढे जमत नसेल तर जवानाच्या मानापमानाच्या गप्पा मारण्याचा आपल्याला काडीचाही अधिकार नाही.