तोट्याचाही हिशेब

शेअरमध्ये नफा झाला तर माणूस चारचौघांत सांगतो. तोटा झाला तर बायकोलाही सांगत नाही. बँकेच्या नोकरीत मी हे पुष्कळ पाहिले. १९९२ साली हर्षद मेहता प्रकरणानंतर बाजार कोसळला, तेव्हा आमच्या शाखेतला एक सहकारी महिनाभर डबा घेऊन एकटाच कोपऱ्यात जेवत असे. आम्ही समजून गेलो होतो. बायकोपासून तोटा लपवला तर फार तर घरात अबोला होतो. प्राप्तिकराच्या विवरणपत्रातून लपवला, तर मात्र खिशातले पैसे जातात.

माझा भाचा नोकरदार आहे. मोबाईलवर खाते उघडून २०२३-२४ या आर्थिक वर्षात त्याने शेअर घेतले, विकले आणि ४० हजार रुपये घालवले. मिळालेच नाही तर सांगायचे काय, म्हणून त्याने फॉर्म १६ वरून आयटीआर-१ हा सोपा नमुना भरून टाकला. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये, चार-पाच महिने ठेवलेल्या शेअरवर त्याला ५५ हजार नफा झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये बहिणीकडे जेवायला गेलो, तर त्याने कागद पुढे केले. "मामा, यातून मागचे चाळीस हजार वजा करायचे ना?"

मी पेन खाली ठेवले. बारा महिन्यांच्या आत विकलेल्या अशा शेअरच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून २० टक्के कर आहे. तोटा वजा झाला असता तर १५ हजारांवर, उपकर धरून, ३,१२० रुपये पडले असते. आता पडले ११,४४०. शिवाय आगाऊ कर भरला नाही म्हणून व्याज वेगळेच. भांडवली तोटा आठ वर्षे पुढे ओढता येतो, पण ज्या वर्षी झाला त्याच वर्षाच्या, मुदतीत भरलेल्या विवरणपत्रात तो दाखवलेला हवा. त्यासाठी आयटीआर-२ लागतो. सुधारित विवरणपत्राची मुदतही १५ जानेवारी २०२५ ला उलटून गेली होती.

"आणि सकाळी घेऊन दुपारी विकलेले?" त्याने चाचरत विचारले. तो सट्ट्याचा धंदा, त्याला आयटीआर-३. त्यातला तोटा सट्ट्याच्याच नफ्यातून वजा होतो आणि चारच वर्षे पुढे जातो.

"सट्टा?" स्वयंपाकघरातून बहिणीचा आवाज आला.

लपवायला आता जागाच नाही. पूर्वी शेअर सर्टिफिकेटे कपाटात साड्यांखाली असत. आता पॅनवरून प्रत्येक विक्री खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात उमटते. १ एप्रिल २०२० पासून भागधारकाच्याच हाती करपात्र झालेला लाभांशही तिथे दिसतो.

भाच्याचे चुकलेच. पण खाते दहा मिनिटांत उघडून देणारे दलाल नवख्याला विवरणपत्राबद्दल एक ठळक ओळ का सांगत नाहीत? आणि सरकारने करनिर्धारण वर्ष २०२५-२६ पासून दीर्घ मुदतीच्या सव्वा लाखापर्यंतच्या नफ्याला आयटीआर-१ मध्ये जागा दिली. तशी पाच-दहा हजार हरलेल्याच्या तोट्याला द्यायला काय हरकत होती? आयटीआर-२ चे रकाने पाहून पस्तीस वर्षे आकडेमोड केलेला मीसुद्धा चहा मागवतो.

भाच्याने निमूटपणे कर भरला. मी चपला घालत असताना तो मोबाईल घेऊन मागे आला.

"मामा, यंदा आतापर्यंत बाराशेचा तोटा आहे. एवढासाही दाखवायचा?"

"दाखवायचा," मी म्हणालो. "आणि आईलाही सांग."