लाईट पेटतात, मग फोटो काळा का?

आपल्या हॉस्टेलवर मेसच्या आमटीनंतर सगळ्यात जास्त नावं कशाला ठेवली जात असतील, तर ती ग्रुप फोटोंना! गॅदरिंग असो, सेंड-ऑफ असो, नाहीतर फायनल इयरवाल्यांचे टाय लावून काढलेले फॉर्मल फोटो असोत, प्रकार ठरलेला. कॉमन रूममध्ये फोटोग्राफी क्लबचे दोन मोठे स्टुडिओ लाईट स्टँडवर चढतात, त्यांना पांढऱ्या छत्र्या लागतात, कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा छोटा फ्लॅश टुणकन वर येतो. "स्माईल!" की लगेच लख्ख उजेड. सगळे डोळे चोळतात. आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघावं तर... अमावस्या!

मग सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. "आयएसओ वाढव." "लाईट फुल पॉवरवर टाक." "राहू दे रे, फोटोशॉपमध्ये उजळ करू." आणि शेवटचा, सगळ्यात महागडा सल्ला म्हणजे, "हे लाईट म्हातारे झालेत, फंडातून नवीन घ्या." या चारही सल्ल्यांमध्ये एक गोष्ट कॉमन आहे. फोटो काळा का आला, हा प्रश्न एकालाही पडलेला नाही. आणि हे सगळे सल्ले देणारे कोण, तर उद्याचे इंजिनिअर! माझं म्हणणं या गोष्टीवर आहे.

आधी नेमकं काय होतं ते बघू. क्लबचे लाईट 'स्लेव्ह'वर चालतात. म्हणजे त्यांच्या पाठीवर एक छोटा फोटोसेल असतो. दुसरा कुठलाही फ्लॅश उडालेला त्याला दिसला की तोही आपला लाईट उडवतो. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने इशारा द्यायचा आणि मोठ्या लाईटने मागोमाग उडायचं, अशी ही साधी व्यवस्था. वायर नको, काही नको.

पण आजकालच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश ऑटोवर, म्हणजे टीटीएलवर असतो. टीटीएल म्हणजे 'थ्रू द लेन्स'. बटण दाबल्यावर हा फ्लॅश एकदा उडत नाही, दोनदा उडतो. पहिला उजेड अगदी थोडा. त्याला प्रीफ्लॅश म्हणतात. तो समोरच्या माणसांवर पडून परत येतो, कॅमेरा तो लेन्समधून मोजतो आणि खऱ्या फ्लॅशला किती ताकद लागेल याचा हिशोब करतो. मग शटर उघडतं आणि खरा फ्लॅश उडतो. या दोन्हींमध्ये सेकंदाचा अगदी छोटा अंश जातो. आपल्या डोळ्याला दोन्ही मिळून एकच लखलखाट दिसतो.

आता बिचाऱ्या स्लेव्हला काय माहीत की पहिला उजेड फक्त मोजणीचा आहे? त्याला उजेड दिसला, त्याने मोठा लाईट उडवला. स्टुडिओ लाईटचा झोत साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागात संपतो. त्यानंतर कपॅसिटर पुन्हा चार्ज व्हायला सेकंद, कधी दोन सेकंद लागतात. म्हणजे शटर उघडतं तेव्हा मोठे लाईट रिकामे होऊन बसलेले असतात. आपण स्टेशनवर पोचायच्या आधी गाडी निघून जावी, तसं!

एवढ्यावर भागत नाही. मोठ्या लाईटचा उजेड नेमका मोजणीच्या वेळी पडतो. कॅमेऱ्याला वाटतं, वा, समोर भरपूर उजेड आहे! म्हणून तो स्वतःच्या फ्लॅशची ताकदही कमी करतो. आता "फुल पॉवरवर टाक" या सल्ल्याचं काय होतं बघा. मोठा लाईट जितका जोरात उडेल, तितका कॅमेरा जास्त फसतो. पॉवर वाढवली आणि फोटो आणखी काळा झाला, असंही होऊ शकतं. यात गंमत अशी की बिघडलेलं काहीच नाही. फ्लॅश त्याला सांगितलेलं काम करतोय, लाईटही करतोय. दोघांचं एकमेकांशी बोलणं झालेलं नाही, एवढंच.

आपल्या स्टाफपैकी काहीजण म्हणतात, "आमच्या वेळी फिल्मच्या कॅमेऱ्यावर अशाच लाईटने छान फोटो यायचे." ते खरंच आहे. बहुतेक जुन्या फिल्म कॅमेऱ्यांत फ्लॅश एकदाच उडायचा. टीटीएल असलं तरी फोटो निघत असतानाच फिल्मवरून परावर्तित होणारा उजेड मोजला जायचा. प्रीफ्लॅशने मोजायची पद्धत नंतर रुळली. कॅननचं ई-टीटीएल १९९५ चं, निकॉनचं आय-टीटीएल २००३ चं. तेव्हा सरांचा अनुभव बरोबर, आणि आपला काळा फोटोही बरोबर. मधल्या काळात कॅमेऱ्याची रीत बदलली. लाईटला म्हातारा म्हणण्याआधी हे कळायला हवं.

"आयएसओ वाढव" या सल्ल्याचा हिशोब तर फिजिक्सवाल्यांनी सहज करावा. कॅमेऱ्यावरच्या छोट्या फ्लॅशचा गाईड नंबर आयएसओ १०० ला साधारण १२ मीटर असतो. अॅपर्चर एफ/८ असेल तर १२ भागिले ८, म्हणजे दीड मीटर. एवढीच त्याची पोच! ग्रुप उभा असतो चार मीटरवर. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उजेड घटतो, म्हणजे तिथे गरजेच्या सातव्या हिश्श्याइतकाच पोचतो. आयएसओ आठपट केला तर फोटो दिसायला लागेल हे खरं. पण तो निघेल त्या एकट्या फ्लॅशवर. पुढच्यांची कपाळं चकाकणार, मागची रांग अंधारात आणि भिंतीवर सगळ्यांच्या सावल्या. मग ते दोन लाईट कशाला उभे केले, शोभेला?

आता कोणी म्हणेल, "एवढं काय त्यात? फोटोच तर आहे! उजळ करून टाकला की झालं." इथे मात्र मला थांबून बोलायचंय.

अंडर गेलेला फोटो उजळ केला की उजेडाबरोबर नॉईजही वाढतो. सिग्नल-टू-नॉईज रेशो आपण परीक्षेत लिहितो, तोच हा. आणि हा नॉईज सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. गोऱ्या चेहऱ्यावरून जास्त उजेड परत येतो, म्हणून तो चेहरा कसाबसा वाचतो. सावळ्या, काळ्या चेहऱ्यावरून कमी उजेड येतो, त्यामुळे त्याचा सिग्नल आधी नॉईजमध्ये बुडतो. उजळ केल्यावर त्या चेहऱ्यावर करडे-जांभळे डाग येतात, नाक-डोळे पुसट होतात. मग कोणीतरी हमखास म्हणतं, "तू हास रे, निदान दात तरी दिसतील!" सगळे हसतात. तोही हसतो. दुसरं काय करणार?

मला हा विनोद कधीच आवडला नाही. दोष प्रीफ्लॅशचा, आणि खापर फुटतं त्याच्या रंगावर! तोच फोटो पुढे घरी जातो, फ्रेम होऊन भिंतीवर लागतो. त्यातल्या कित्येकांच्या घरात तो पहिलाच इंजिनिअर असतो. आईने आलेल्या-गेलेल्याला बोट ठेवून दाखवावा असा फोटो. त्यात आपला मुलगा धड ओळखू येऊ नये, आणि कारण काय, तर फ्लॅशचं एक सेटिंग कोणी बघितलं नाही! ही गोष्ट मला 'फोटोच तर आहे' म्हणून सोडून द्यावीशी वाटत नाही.

बरं, दोष शोधणं अवघड आहे का? अजिबात नाही. फुकटची टेस्ट आहे. एक मोठा लाईट फ्रेममध्ये येईल असा उभा करा आणि त्याचाच फोटो काढा. डोळ्याला तो उडालेला दिसला, पण फोटोत त्याची छत्री विझलेली दिसली, तर समजा की तो चुकीच्या वेळी उडाला. झालं निदान! डोळा खोटं सांगतो असं नाही, पण त्याला मिलिसेकंद दिसत नाहीत.

लक्षणंही वेगवेगळी असतात, डॉक्टरसारखी वाचायची. अख्खा फोटो सारखाच काळा असेल तर आधी प्रीफ्लॅशचा संशय घ्या. फोटोच्या एकाच बाजूला काळा पट्टा आला तर शटर स्पीड सिंक स्पीडच्या वर गेलाय. बहुतेक कॅमेऱ्यांत ही मर्यादा १/२०० किंवा १/२५० च्या आसपास असते. एक फोटो चांगला आणि लगेच काढलेला पुढचा काळा, असं होत असेल तर लाईट चार्ज व्हायला वेळ दिला जात नाहीये. एकच लाईट उडत नसेल तर त्याच्या फोटोसेलसमोर छत्री, पडदा किंवा कोणाची पाठ आली असेल.

इलाजही स्वस्त आहेत. पहिला म्हणजे कॅमेऱ्यावरचा फ्लॅश टीटीएलवरून मॅन्युअलवर न्या आणि ताकद १/१६ किंवा १/३२ ठेवा. प्रीफ्लॅश बंद, फ्लॅश एकदाच उडणार, लाईट वेळेवर येणार. रेड-आय रिडक्शनही बंद करा. आणि फ्लॅश 'कमांडर' किंवा 'मास्टर' मोडवर नाही ना, तेही बघा, कारण त्या मोडमध्ये मॅन्युअल असला तरी तो आधी इशाऱ्याचे झोत सोडतो. कॅमेरासुद्धा मॅन्युअलवर, १/१२५, एफ/८, आयएसओ १०० पासून सुरुवात करा आणि मग लाईटची ताकद कमी-जास्त करा. कॅमेऱ्याचं नेहमीचं मीटर इथे कामाचं नाही, कारण ते फ्लॅश उडण्याआधीचा उजेड मोजतं. फ्लॅशला मॅन्युअल नसेल तर फ्लॅश लॉकचं बटण वापरा. प्रीफ्लॅश तेव्हाच उडून जातो. लाईट पुन्हा चार्ज होऊ द्या आणि मग फोटो काढा. काही लाईटवर प्रीफ्लॅश सोडून दुसऱ्या झोताला उडण्याची सोय असते, ते बटण शोधा. सगळ्यात उत्तम म्हणजे रेडिओ ट्रिगर. मग कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशची गरजच उरत नाही.

दोन सूचना मात्र गंभीरपणे. जुना लाईट थेट वायरने कॅमेऱ्याला जोडू नका. काही जुन्या लाईटच्या सिंक वायरवर शंभराहून जास्त व्होल्ट असतात, कॅमेरा कायमचा जाईल. आधी लॅबमध्ये मोजून घ्या. आणि लाईट कधीही उघडू नका. आत शेकडो व्होल्टचा कपॅसिटर असतो आणि प्लग काढल्यावरही तो भरलेला राहू शकतो. तिथे शहाणपणा नको!

इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशमागे आपल्याच ब्रँचचा माणूस आहे. एमआयटीचे हॅरॉल्ड एजर्टन. विद्यार्थी असताना फिरती सिंक्रोनस मोटर 'थांबलेली' दिसावी म्हणून ते स्ट्रोबोस्कोप वापरायचे. १९३१ साली त्यांनी तिथूनच डॉक्टरेट घेतली. १९६४ मध्ये त्यांनी सफरचंदातून आरपार जाणाऱ्या गोळीचा तो प्रसिद्ध फोटो काढला. गोळीचा आवाज मायक्रोफोनने पकडायचा आणि त्यावर फ्लॅश उडवायचा, अशी युक्ती. उजेड किती यापेक्षा उजेड केव्हा, यावर त्यांचं सगळं काम उभं आहे. आपल्या कॉमन रूममधला प्रश्नही तोच आहे.

हे सगळं माहीत नसणं हा गुन्हा नाही. ऐन कार्यक्रमात दोनशे माणसं ताटकळत उभी असताना आयएसओ वाढवून वेळ मारून नेली, तर तेही मी समजू शकतो. पण दुसऱ्या दिवशी कोणीतरी अर्धा तास बसून कारण शोधायला हवं. ते होत नाही, कारण आपल्याला उत्तर जुळवायची सवय लागली आहे. प्रॅक्टिकलला रीडिंग चुकलं की आपण काय करतो? ग्राफ आधी काढतो आणि रीडिंग्ज मागून बसवतो! फोटो उजळ करणं हा त्याचाच भाऊ. आउटपुट बरं दिसलं की सर्किटमध्ये काय चाललंय ते कोण बघतो?

यात थोडा वाटा आपल्या सर-मॅडमचाही आहे, आदर ठेवूनच लिहितो. चुकलेल्या रीडिंगचं कारण शोधून लिहिलं तर मार्क मिळतात, असं एकदा कळू द्या. अर्धं जर्नल आपोआप खरं होईल. आणि फोटोग्राफी क्लबने नवीन लाईटचा अर्ज टाकण्यापूर्वी एक संध्याकाळ ही टेस्ट करावी. ज्युनिअर्सना समोर बसवून, एका वेळी एकच सेटिंग बदलत. दोन बदलली की कशाने फरक पडला ते कळत नाही.

यंदाच्या सेंड-ऑफला मागच्या रांगेतला प्रत्येक चेहरा स्वच्छ दिसायला हवा. खर्च शून्य आहे. फ्लॅशचं एक सेटिंग बदलायचंय, आणि एकदा 'का?' विचारायचंय. बघा, पटतंय का!