स्टेपनी कुठे आहे?

दोस्तांनो, सुट्टी लागली की मुंबई-पुण्याची कितीतरी कुटुंबं माथेरानला निघतात. काहीजण रेल्वेनं नेरळला उतरतात, काहीजण मोटारीनं घाट चढतात. पण मोटार जाते फक्त दस्तुरी नाक्यापर्यंत. पुढे तिला बंदी! रुग्णवाहिकेसारखी गरजेची वाहनं आणि २०२२ साली प्रयोग म्हणून सुरू झालेल्या ई-रिक्षा सोडल्या, तर वर गावात जायचं ते पायी, घोड्यावरून किंवा अमन लॉज स्टेशनातून छोट्या गाडीनं. घोड्याचं एक बरं असतं, तो पंक्चर होत नाही आणि त्याला स्टेपनी लागत नाही.

पण नेरळ ते दस्तुरी या घाटात मोटारीचं चाक पंक्चर होऊ शकतं. समजा, तुम्ही मागच्या सीटवर बसून चिक्की खाताय. गाडी घाट उतरतेय. तेवढ्यात गाडी एका बाजूला ओढली जाते आणि खालून ‘थप् थप् थप्’ असा आवाज येतो. बाबा म्हणतात, “गेलं वाटतं चाक!” आता काय करायचं? लगेच थांबायचं, जॅक काढायचा आणि कामाला लागायचं?

नाही! आजचा सगळा धडा या ‘नाही’मध्येच आहे. पंक्चर झालेलं चाक सहसा माणसाला इजा करत नाही. इजा होते ती उतारावर जॅकवरून घसरलेल्या मोटारीमुळे. साध्या छोट्या मोटारीचं वजनसुद्धा नऊशे-हजार किलोच्या आसपास असतं.

आधी हा घाट एवढा अवघड का, ते पाहू. नेरळहून माथेरानला जाणारी छोटी रेल्वे १९०७ साली सुरू झाली. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबानं ती बांधली. ही गाडी वळणं घेत घेत सुमारे २१ किलोमीटर फिरते, तेव्हा कुठे वर पोचते. एवढा लांबचा फेरा कशासाठी? चढ सौम्य व्हावा म्हणून! उंची तीच, पण वाट लांब, त्यामुळे जोर कमी लागतो. मोटारीचा रस्ता मात्र रेल्वेच्या मानानं बराच आखूड. म्हणजे तो उभा चढला पाहिजे. म्हणूनच इथल्या टॅक्सी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घुरघुरत चढताना दिसतात. अशा रस्त्यावर उभी केलेली गाडी सारखी खाली जायला बघत असते.

“मग गिअर टाकला, हँडब्रेक ओढला की झालं!” असं तुमच्यातला एखादा हुशार म्हणेल. तो बरोबर आहे, पण अर्धाच. नीट लक्ष देऊन वाचा हं.

बहुतेक मोटारींत हँडब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना लागतो. त्यांतलं एक चाक जॅकवर उचललं, की हँडब्रेकच्या पकडीत जमिनीवरचं एकच चाक उरतं. बरं, गिअरचं काय? मोटार वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं आणि आतल्या चाकाला कमी. म्हणून इंजिनला जोडलेली दोन्ही चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरू शकतील, अशी सोय केलेली असते. तिचं नाव डिफरन्शियल. याच सोयीमुळे त्यांतलं एक चाक हवेत उचललं की ते मोकळं फिरू शकतं, आणि मग त्याच्या जमिनीवरच्या जोडीदारावरची गिअरची पकडही सुटते. म्हणजे गाडी उभी असताना जी पकड पुरेशी होती, ती चाक उचलल्याबरोबर कमी होते. सपाट जागेवर हे चालून जाईल. उतारावर नाही.

म्हणून पहिला नियम: चढावर किंवा उतारावर चाक बदलायचं नाही. चालवणाऱ्यानं स्टिअरिंग घट्ट धरावं, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा, एकदम ब्रेक दाबू नये. चारही इंडिकेटर लावावेत आणि अगदी हळूहळू पुढे जाऊन सपाट, रुंद आणि सरळ जागा गाठावी. वळणावर मुळीच थांबू नये. मागून येणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही. “पण असं चालवलं तर टायर फाटेल ना?” हो, कदाचित फाटेल. टायर दुकानात मिळतो. हाताची बोटं मिळत नाहीत. आणि सपाट जागा सापडलीच नाही, तर चाकांना दगड लावावेत, सगळ्यांनी बाहेर पडावं आणि मदत मागवावी. त्यात कमीपणा काही नाही.

सपाट जागा मिळाली? छान. आता क्रमानं जाऊ. हे काम मोठ्यांचं आहे. पण क्रम तुम्हाला पाठ असेल, तर एखादी पायरी राहून गेली की तुम्ही आठवण करून देऊ शकाल.

१) हँडब्रेक ओढायचा, गिअर टाकायचा, इंजिन बंद करायचं. सगळ्यांनी गाडीतून उतरायचं. पेंगणारी धाकटी बहीणसुद्धा!

२) लाल त्रिकोण गाडीच्या मागे बराच लांब ठेवायचा. मागे वळण असेल, तर वळणाच्याही अलीकडे, म्हणजे येणाऱ्याला तो आधी दिसेल.

३) जे चाक बदलायचं, त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून आणि मागून मोठे दगड लावायचे. पुढचं डावं चाक गेलं असेल, तर मागच्या उजव्याला.

४) स्टेपनी, जॅक आणि पाना आधीच बाहेर काढायचे. गाडी जॅकवर असताना डिकीत ओढाताण केली, तर गाडी हलते.

५) चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करायचे, पूर्ण काढायचे नाहीत. चाक हवेत गेल्यावर जोर लावला, तर चाक फिरतं आणि गाडीलाही हिसका बसतो.

६) गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच जॅक लावायचा. पावसाळ्यात माथेरानची ती लाल माती इतकी मऊ होते, की जॅक तिच्यात रुतेल. खाली जाड लाकडी फळी ठेवायची.

७) गाडी थोडी उचलली की स्टेपनी जॅकजवळ गाडीखाली आडवी सरकवायची. जॅक घसरलाच, तर गाडी त्या चाकावर टेकेल. मग पंक्चर चाक काढून ते तिच्या जागी आडवं सरकवायचं आणि स्टेपनी बसवायची. हात, पाय, डोकं गाडीखाली कधीही घालायचं नाही.

८) नट हातानं फिरवून बसवायचे. निमुळती बाजू असेल, तर ती चाकाकडे. गाडीखालचं चाक बाहेर काढायचं, गाडी खाली उतरवायची आणि मगच पाना लावून नट घट्ट करायचे. शेजारचा नट लगेच नाही, समोरासमोरचे आळीपाळीनं, म्हणजे चाक तिरकं बसत नाही.

९) निघताना लाल त्रिकोण उचलायचा. आणि रस्त्यावर ठेवलेले दगड? तेही! चाकाला लावलेले दगड तसेच सोडून जाणारे महाभाग आपल्याकडे पुष्कळ आहेत. रात्री त्याच दगडावर एखादा स्कूटरवाला आदळतो. आपलं काम झालं म्हणून दुसऱ्याचा घात करायचा नाही.

आता थोडी गंमत. हजार किलोच्या गाडीचा कोपरा आई किंवा बाबा एका हातानं कसा उचलतात? त्यांच्या अंगात मारुती संचारतो का? नाही, जॅकच्या दांड्यावरचे आटे बघा. गोल गोल फिरत वर जाणारी ती चढाची वाटच आहे, अगदी माथेरानच्या रेल्वेसारखी. हँडल पुष्कळदा फिरवावं लागतं, पण प्रत्येक फेऱ्याला जोर थोडाच लागतो. फेरा लांब, श्रम कमी. डोंगर चढणारी गाडी आणि गाडी उचलणारा जॅक, दोघांचं गणित एकच!

आणि ‘स्टेपनी’ हा शब्द तरी कुठला? मराठी तर नाही. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचंच. पंक्चर झालं, की रस्त्यातच टायर उसकटून ट्यूब दुरुस्त करत बसायचं. वेल्समधल्या लानेल्ली या गावच्या थॉमस आणि वॉल्टर डेव्हिस या भावांनी १९०४ साली त्यावर उपाय काढला: हवा भरलेल्या टायरची एक तयार कडी. पंक्चर चाक न काढता ती त्याच्यावरच घट्ट अडकवायची आणि पुढे जायचं. लानेल्लीतल्या स्टेपनी स्ट्रीट या रस्त्यावरून तिचं नाव पडलं ‘स्टेपनी’. ती कडी केव्हाच मागे पडली. इंग्लंडमध्ये जादा चाकाला आता वेगळाच शब्द आहे. आपल्या पंक्चरवाल्याच्या तोंडी मात्र वेल्समधल्या त्या रस्त्याचं नाव शंभर वर्षांनंतरही जिवंत आहे.

पण दोस्तांनो, नाव जिवंत असून उपयोग काय, जर डिकीतली स्टेपनीच मेलेली असेल? पुष्कळ घरांत स्टेपनी वर्षानुवर्षं कोणी पाहिलेली नसते. वापरली नाही तरी तिची हवा हळूहळू कमी होते. घाटात बाहेर काढावी, तर तीही बसलेली! आणि काही नव्या गाड्यांत स्टेपनी नसतेच. ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचं साहित्य आणि टायरमधली हवा कमी झाल्याचं सांगणारी यंत्रणा असेल, तर छोट्या गाडीला स्टेपनीशिवाय चालेल, असा बदल केंद्र सरकारनं २०२० साली नियमात केला. काही गाड्यांत इतरांपेक्षा बारीक स्टेपनी असते. ती फक्त दुरुस्तीच्या दुकानापर्यंत हळू जाण्यासाठी. किती वेगानं जायचं, ते तिच्यावरच लिहिलेलं असतं.

म्हणून या रविवारचा गृहपाठ. आई, बाबा, काका, मामा, ज्यांची गाडी असेल त्यांना सोबत घ्या. शेजाऱ्यांची असली तरी चालेल. चार प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत लिहा. स्टेपनी कुठे आहे? पेट्रोल पंपावर तिची हवा शेवटची कधी तपासली? जॅक, पाना आणि लाल त्रिकोण जागेवर आहेत का? जॅक लावायची जागा कोणती? मग त्यांना सपाट अंगणात एकदा चाक बदलून बघायला सांगा. वर दिलेला क्रम तुम्ही मोठ्यानं वाचा. घाटात, पावसात, अंधारात पहिल्यांदा शिकण्यापेक्षा अंगणात शिकलेलं बरं.

आणि पालकांनो, एक विनंती. मुलांनी “थांबा, दगड लावायचा राहिला!” असं म्हटलं, तर “तू गप्प बस, तुला काय कळतंय?” असं म्हणू नका. हातातला पाना खाली ठेवा आणि आधी दगड लावा.

मुलांनो, चाक बदलत असताना तुम्ही कुठे उभं राहायचं, हेही लक्षात ठेवा. रस्ता सोडून डोंगराच्या कडेला, गाडीपासून दूर. गाडीच्या पुढे नाही, मागे नाही आणि दरीच्या काठावर तर मुळीच नाही. काढलेले नट रुमालात बांधून तुमच्याकडे द्यायला सांगा. चार असतील तर चार, पाच असतील तर पाच, मोजून घ्या आणि मोजून परत द्या. काम छोटं दिसतं, पण एक नट गवतात हरवला की शोधताना नाकी नऊ येतात.

चला तर, वही-पेन्सिल घ्या आणि डिकी उघडा. पुढच्या आठवड्यात भेटूच!