उंटाच्या हाताला काम हवे



आपल्या मराठीने उंटावर जरा अन्यायच केला आहे. 'उंटावरचा शहाणा' म्हणा की 'उंटावरून शेळ्या हाकणे' म्हणा, चेष्टेत बिचारा उंट उगाच ओढला जातो. पण त्याने आपली किती कामे केली आहेत!

मी संगणक अभियंता. निरोप इकडून तिकडे पोचवणाऱ्या प्रणाली बनवणे हे माझे रोजचे काम. पेशवाईत हेच काम सांडणीस्वार करत. सांडणी म्हणजे वेगाने धावणारी उंटीण. तातडीचे खलिते तिच्या पाठीवरून जात आणि छावणीचे तंबूही उंटच वाहत. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर मात्र उंट समोरच्या बाजूने भारी पडला. मराठ्यांच्या जड तोफा जागच्या हलवणे कठीण होते. अब्दालीच्या हलक्या तोफा, म्हणजे जंबुरके, उंटांच्या पाठीवर होती, ती हवी तिथे नेता येत.

उंटाला हे जमते ते त्याच्या शरीररचनेमुळे. मदारीत पाणी नसते, चरबी असते. तहानलेला उंट दहा-पंधरा मिनिटांत सुमारे 100 लिटर पाणी पितो. त्याच्या रक्तातल्या लंबगोल तांबड्या पेशी फुगतात, पण फुटत नाहीत.

पुढे रेल्वे आली, ट्रक आले आणि उंटाचे काम गेले. पशुगणनेनुसार देशात 2012 साली सुमारे 4 लाख उंट होते, 2019 मध्ये उरले अडीच लाख. राजस्थानने 2014 मध्ये उंटाला राज्यपशू केले आणि 2015 मध्ये कायद्याने त्याची कत्तल व राज्याबाहेर विक्री रोखली. हेतू चांगला होता, पण नर उंट विकून घर चालवणाऱ्या राईका पशुपालकांचे गिऱ्हाईकच तुटले. ज्याच्यातून चार पैसे मिळत नाहीत, ते जनावर कोण किती दिवस पोसणार?

कच्छमध्ये वेगळी वाट सापडली. तिथल्या उंटिणींचे दूध गोळा होऊ लागले आणि 2019 मध्ये अमूलने ते बाटलीतून बाजारात आणले. उंट राखायला पशुपालकाला पुन्हा कारण मिळाले.

आपण सिल्वासाकर उंट पाहतो तो बहुधा दमणला, जंपोरच्या किनाऱ्यावर. पुढच्या वेळी मुलांना फेरीला बसवाल तेव्हा त्यांना सांडणीस्वाराची गोष्ट जरूर सांगा. आणि उंटवाल्याशी भाव करताना हात थोडा सैल सोडा. त्या उंटाचा चारा त्याच पैशांतून येतो.