पुण्यात सुरू झाला, बाजारात आलाच नाही

‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सॅन्ड्स ऑफ टाइम’ आठवतोय? २००३च्या या गेमचा रिमेक युबिसॉफ्टचे पुणे-मुंबईचे स्टुडिओ करत होते. घोषणा सप्टेंबर २०२०ची, रिलीज जानेवारी २०२१ला ठरलेलं. पण ट्रेलरच्या ग्राफिक्सवर टीका झाली, तारखा पुढे गेल्या, २०२२मध्ये काम माँट्रियलला गेलं. शेवटी जानेवारी २०२६मध्ये गेमच रद्द! सगळं खापर ‘इंडियन टीम’वर फोडणाऱ्यांनो, माँट्रियललाही तो बाजारात आणता आला नाहीच ना? ‘स्टार वॉर्स १३१३’ तर २०१३मध्ये डिस्नेने लुकासआर्ट्सचं गेम बनवणं थांबवल्यावर गेला. मनमाडहून पुण्याची गाडी पकडून गेमिंगमध्ये करिअर करायला निघालात? मग स्वतःचा एक छोटा, पण पूर्ण गेम सोबत ठेवा. तो कुणी रद्द करू शकत नाही.